ताई, माझा हीरो मरतो तेव्हा कुणालाच काही वाटत नाही

या आठवड्याचं पत्र:

ताई, मी २२ वर्षांचा, जळगावकडचा. दोन वर्षं झाली एक फँटसी कादंबरी लिहितोय, मोबाईलवरच टाईप करतो. हीरो कैवल्य, १७ वर्षांचा. राग आला की तो ज्याला हात लावेल त्यातलं पाणी शोषलं जातं, झाड, विहीर, माणूस, काहीही. आई तिसऱ्या पानावरच जाते, त्याच्याच हातून. मग तो आत्याकडे वाढतो, गाव त्याला घाबरतं, शेवटी तो अख्खी नदी आटवतो आणि त्यातच संपतो. चार मित्रांना वाचायला दिली. सगळे म्हणाले पॉवर्स भारी आहेत पण तो मेला तेव्हा काही वाटलं नाही यार. एक म्हणतो पॉवर अजून वाढव, एक म्हणतो मारूच नको. काय करू? आणि मराठीत असलं कोणी वाचतं का? पहिली तीन प्रकरणं पाठवतोय. खरं सांगायचं तर कैवल्य थोडाफार मीच आहे, घरात माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही, म्हणून लिहीत बसतो.

मित्रा,

तिन्ही प्रकरणं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, आणि सगळ्यात आधी हे सांगते की तुला लिहिता येतं. पहिल्या प्रकरणात विहीर आटते तिथे तळाच्या चिखलात मासे फडफडतात तेवढा एकच आवाज तू ठेवलायस, काठावरची माणसं गप्प उभी आहेत, मला तिथून पुढे लगेच वाचवेना, उठून पाणी पिऊन आले.

मित्र म्हणतात ते खोटं नाहीये, पण त्यांनी सुचवलेले इलाज चुकलेत. पॉवर वाढवून काही होणार नाही. आज विहीर, उद्या नदी, परवा समुद्र, वाचणारा दरवेळी बापरे म्हणेल आणि पान उलटेल. बापरे म्हणणं वेगळं आणि घशाशी आवंढा येणं वेगळं, आणि तुला दुसरं हवंय.

तुला एका पोराची गोष्ट सांगते, जरा लांब आहे पण ऐक, कारण तो तुझ्या कैवल्यचा खापरपणजोबा शोभेल. कुल्लेर्वो त्याचं नाव, फिनलंडचा. कालेवाला हे तिकडचं महाकाव्य, एलियास ल्योनरोट नावाच्या डॉक्टरने गावोगाव फिरून, त्यातही कारेलिया भागात, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडची गाणी उतरवून घेतली आणि १८३५ मध्ये छापली, मग १८४९ मध्ये वाढवून परत छापली. एकूण ५० सर्ग आहेत आणि त्यातले ३१ ते ३६ असे सहा या पोराचे.

तो जन्मायच्या आधीच त्याच्या सख्ख्या काकाने, उंतामोने, त्याचं घरदार कापून काढलेलं. पोटुशी आई धरून नेलेली, तिच्या पोटी हा गुलाम म्हणूनच जन्मतो. तीन महिन्यांचा असताना म्हणतो मोठा झालो की बदला घेईन. काका घाबरतो, पिंपात घालून पाण्यात सोडतो, पोरगं लाटांवर बसून मासे धरतंय. जाळायला आगीत टाकतो, ते गुडघाभर राखेत बसून निखारे सारखे करतंय. झाडाला फाशी देतो, तीन दिवसांनी बघतो तर झाडावर चित्रं कोरत बसलंय. पॉवर म्हणशील तर ही घे पॉवर. पण इथपर्यंत तुला रडू आलं का? मलाही नाही आलं.

मग काका त्याला कामाला लावतो आणि इथून गोष्ट धरते. सांभाळायला दिलेलं मूल त्याच्या हातून मरतं. जंगल साफ कर म्हटलं तर असं साफ करतो की तिथे पुन्हा काही उगवू नये. कुंपण घाल म्हटलं तर आख्खेच्या आख्खे पाईन वृक्ष उभे करतो आणि त्या कुंपणाला फाटकच ठेवत नाही, आत जायला वाट नाही, बाहेर यायला नाही. मळणी करायला सांगितली तर धान्याची पार भुकटी. त्याच्या अंगातली ताकद कुठल्याच कामाच्या मापाची नाही, आणि किती जोर लावायचा हे हाताला हात धरून त्याला कोणी दाखवलेलंच नाही. ते बिनफाटकाचं कुंपण मी कॉलेजात असताना वाचलं होतं, आज इतकी वर्षं झाली तरी डोळ्यासमोरून हलत नाही.

तुझ्या कैवल्यला सुद्धा असं एक कुंपण पाहिजे बघ. तू थेट आईपासून सुरुवात केलीस, म्हणजे सगळ्यात मोठं संकट पहिलंच. त्याआधी त्याला छोट्या गोष्टीत चुकू दे ना, कणीक भिजवायला बसला आणि परातीत कोरडं पीठच उरलं, आंघोळीच्या बादलीत हात घातला आणि बादली रिकामी, शाळेत पोरांनी पाटी पुसायला ओलं फडकं दिलं ते त्याच्या हातात कडक झालं आणि सगळे बघत राहिले. शक्ती धोक्याची कधी वाटते, रोजच्या साध्या कामात आडवी येते तेव्हा.

पुढे ऐक. काका कंटाळून त्याला इल्मारिनेन लोहाराला विकून टाकतो, दोन जुनी पातेली आणि मोडकीतोडकी अवजारं एवढ्या बदल्यात. लोहाराची बायको त्याला गुरं राखायला पाठवते आणि बरोबर भाकरी बांधून देते. खालून ओटचं पीठ, वरून गव्हाचं, वर लोणी फासलेलं, आणि मधे दगड. काही कारण नाही, गंमत म्हणून. दिवसभर रानात फिरून पोरगं भुकेलेलं, उन्हं उतरायला लागल्यावर भाकरी काढतं, कमरेची सुरी काढून कापायला जातं, पातं दगडावर आपटतं आणि तुटतं. ती सुरी त्याच्या बापाची. आख्ख्या जगात बापाची म्हणून तेवढीच वस्तू त्याच्याकडे, आणि तो रडतो ते उपाशी राहिल्याबद्दल नाही, तो म्हणतो माझं भावंड म्हणून ही सुरी तेवढी होती, जीव लावायला एवढं एकच लोखंड होतं.

मित्रा, जो आगीत जळला नाही, बुडाला नाही, फासावर मेला नाही, तो एका तुटक्या पात्यावर रडतोय. त्यानंतर तो जे करतो ते भयंकर आहे. लांडगे अस्वलं मंत्राने गुरांच्या रूपात घरी हाकलत आणतो, मालकीण दूध काढायला वाकते आणि ती जनावरं तिच्यावर पडतात. ते वाचताना मला तिचीही दया आली आणि त्याला दोषही देता आला नाही, दोन्ही एकदम, आणि ते सगळं त्या सुरीमुळे. माझ्याकडे वडिलांचा अडकित्ता आहे, घरात आता कोणी सुपारी खात नाही, त्याचा स्क्रूही ढिला झालाय, पण एकदा पाहुण्यांनी त्याने अक्रोड फोडायला घेतले तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की सगळे दचकले. त्या दिवशी कळलं मला कुल्लेर्वो कुठून येतो.

आता तुला वाटेल ताई फिनलंडला जाऊन बसल्या. बरं, आपल्याकडचा घे. अश्वत्थामा. तोही तरुण, त्याच्याही हातात ब्रह्मशिर अस्त्र, आणि ते त्याला मागे घेता येत नाही. सौप्तिक पर्वात व्यास आणि नारद मधे उभे राहतात, अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो आणि हा म्हणतो मला जमत नाही, आणि मग ते उत्तरेच्या गर्भावर सोडतो. झोपलेल्या पोरांना मारणारा माणूस, त्याच्याविषयी काही वाटायचं कारण नाही. पण लहानपणी आपण सगळ्यांनी आधी काय ऐकलेलं असतं? पिठाचं पाणी. श्रीमंतांची पोरं दूध पितात म्हणून हा दुधासाठी रडतो, घरात गाय नाही, पोरं त्याला पीठ कालवलेलं पाणी देतात आणि हा दूध प्यायलो दूध प्यायलो म्हणत नाचतो, आणि ती पोरं हसतात. द्रोण हे स्वतः भीष्मांना सांगतात आदिपर्वात, आणि तिथूनच तो बाप द्रुपदाकडे जातो, अपमान होतो, पुढचं सगळं घडतं. म्हणून तर आपल्याकडे सातपुड्यात, नर्मदेकाठी अजून सांगतात की अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो आणि म्हाताऱ्या बायका म्हणतात आला तर द्यावं बाबा तेल. इतकं पाप करून सुद्धा. पिठाचं पाणी आठवतं ना त्यांना.

दगडाची भाकरी आणि पिठाचं पाणी, दोन्ही खाण्यापिण्याच्या गोष्टी बघ. भुकेल्या पोराशी कोणीतरी केलेला हलकटपणा, तोही छोटासाच. शोकांतिका तिथे सुरू होते, अस्त्र फार नंतर येतं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रकरणावर येते. तिथे तू एका वाक्यात लिहून गेलायस, "आत्या त्याचा तांब्या वेगळा ठेवायची, बाहेर ओट्यावर." पूर्णविराम, आणि लगेच पुढच्या ओळीत गावची सभा. अरे मित्रा! मी तिथे पेन्सिलने तीन वेळा गोल केलाय. हाच तुझा दगड आहे, तुझ्याच हाताने लिहून झालाय आणि तू त्याच्यावरून चालत गेलास. वेगळं भांडं, ते पण घराबाहेर, याचा अर्थ काय हे आपल्या मराठी वाचकाला समजवावं लागत नाही, आपल्या गावांनी ते पिढ्यान् पिढ्या माणसांना दाखवलंय, वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पडायला तेवढं पुरे आहे. फक्त तू तिथे थांब. गावसभा पुढच्या पानावर ढकल. सभेत कोण काय बोलतं ते तसंही आपल्याला माहीतच आहे.

आईचं सांगते. तिसऱ्या पानावर मारू नकोस. तिचं नाव सुद्धा मला आठवत नाही आत्ता, परत उघडून बघावं लागेल. ज्या बाईला मी ओळखत नाही तिच्यासाठी मी काय रडणार. वीस पंचवीस पानं तरी जगू दे तिला, त्याची वेणीफणी नाही पण नखं कापू दे, खोकू दे, रागावू दे.

मारू की नको हा तुझा प्रश्न. मला विचारशील तर तो तुझा खरा प्रश्न नाहीच. कुल्लेर्वो शेवटी मरतो, अश्वत्थामा मरत नाही, दोन्ही सारखेच छळतात. कुल्लेर्वोच्या गोष्टीत लढाईला निघायच्या आधी एक प्रसंग आहे, तोवर मेले असं तो समजून होता ते त्याचे आईबाप जिवंत सापडलेले असतात, पण एक बहीण हरवलेलीच असते, तिची ओळख न पटता त्याच्या हातून फार वाईट घडतं आणि ती पोर नदीत जीव देते, आणि आता हा घरात एकेकाला विचारत सुटतो, मी मेलो तर रडाल का. बाप म्हणतो नाही, दुसरा मुलगा होईल, याहून बरा. भाऊ म्हणतो नाही. दुसरी बहीण म्हणते नाही. आई म्हणते मी रडेन, इतकं रडेन की बर्फ वितळून चिखल होईल. पूर्ण सहा सर्गांत त्याच्यासाठी रडणारं एवढं एकच माणूस, आणि वाचणारा त्या आईच्या डोळ्यांनी रडतो. लढाई करून घरी परत येतो तर चूल गार पडलेली, सगळे गेलेले, काळं कुत्रं तेवढं शिल्लक. १८९९ मध्ये आक्सेली गालेन-कालेलाने कुल्लेर्वोचं एक चित्र काढलं, मूठ आवळून वर उगारलेला, तोंड वेडंवाकडं झालेलं, आणि जवळ कुत्रं, नेटवर सापडेल, नक्की बघ.

तर तुझ्या कादंबरीत कैवल्यसाठी रडणारं कोण आहे? तीन प्रकरणं आणि तू दिलेला गोषवारा यात मला कोणी सापडलं नाही. चार मित्रांना काही वाटलं नाही याचं उत्तर मला वाटतं इथे आहे.

आणि अजून एक ठरव, त्याला थांबता येत होतं का. लोहाराची बायको मरताना हात जोडते, हे मागे घे, तुला चांगलंचुंगलं खायला घालेन म्हणते, आणि कुल्लेर्वो नाही म्हणतो, म्हणजे येत असून थांबत नाही. अश्वत्थाम्याला थांबवताच येत नाही, तेवढी विद्याच पुरी नाही त्याची. दोघांचं दुःख वेगळ्या जातीचं. तुझा कैवल्य नदी आटवतो तेव्हा त्याच्या हातात काही असतं का नसतं हे तू धूसर ठेवलंयस आणि मला वाटतं तुझंच ठरलेलं नाहीये. नसेल ठरलं तर लिहिण्याआधी दोन दिवस नुसता चालत जा त्याच्याबरोबर, पण ठरव.

मराठीत कोण वाचणार याची चिंता सोड. चांदोबातल्या वेताळाला पिढ्या वाचत आल्या, नारायण धारपांची पुस्तकं लायब्ररीत पानं सुटेस्तोवर फिरली. कैवल्यची भाषा मात्र तुझ्याकडची ठेव, तिसऱ्या प्रकरणात तो एकदम डबिंग केलेल्या सिनेमासारखा बोलायला लागतो, "मी तुम्हा सर्वांचा विनाश करेन" वगैरे. जळगावकडचा चिडलेला १७ वर्षांचा पोरगा असं बोलत नाही, तो गप्प बसतो नाहीतर एखादा शब्द टाकून निघून जातो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय.

तुझ्या वयाचं म्हणून सांगते, १९१४ च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डला शिकणारा एक २२ वर्षांचा मुलगा हीच कुल्लेर्वोची गोष्ट परत लिहायला बसला होता. वडील तो चार वर्षांचा असताना गेलेले, आई बारा वर्षांचा असताना. त्याने त्या सुरीला नावच देऊन टाकलं, सिक्की. गोष्ट अर्धी राहिली, छापून आली थेट २०१० मध्ये, पण नंतर त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की त्याच्या पुढच्या सगळ्या दंतकथांचं बी या अभागी पोराच्या गोष्टीत होतं. तो म्हणजे टोल्किन, पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा. २२ व्या वर्षी त्याला सुद्धा गोष्ट पुरी करता आली नव्हती, तुझं निदान पहिलं लिखाण तरी शेवटापर्यंत गेलंय.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. कैवल्य थोडाफार मीच आहे, घरात कोणी बोलत नाही. ती ओळ तू सगळ्यात शेवटी, जाता जाता टाकलीस, तांब्यासारखीच, म्हणून मी तिथेही गोल केलाय. मला तुला विचारायचंय, तू बरा आहेस ना? लिहून मन हलकं होतं हे खरंय, पण लिहिणं हे बोलण्याच्या जागी पुरत नाही, दोन वर्षं तर नाहीच नाही. त्या चार मित्रांपैकी एक असेल ना ज्याने तुझं सगळं हस्तलिखित शेवटपर्यंत वाचलं, त्याला एकदा चहाला ने आणि कादंबरी सोडून बोल. आणि कधी रात्री फारच जड वाटलं, मनात नको ते यायला लागलं, तर १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. लाजू नकोस. मला परत लिहिलंस तरी चालेल, उत्तर येईल, छापलं नाही तरी येईल.

कालेवालात कुल्लेर्वो गेल्याची बातमी म्हाताऱ्या वाइनामोइनेनला कळते. एवढा मोठा मांत्रिक, पण तो त्या पोराच्या पापाबद्दल चकार शब्द काढत नाही. लोकांना सांगतो, पोरं परक्याच्या हाती वाईट वागवून वाढवू नका रे, असं वाढलेलं मूल म्हातारं झालं तरी शहाणं होत नाही. तुझ्या कैवल्यची आत्या हे सगळं वाचून काय म्हणेल याचा मी विचार करत होते, कारण मला ती वाईट बाई वाटत नाही. भाऊ नाही, वहिनी गेली, हे पोर पदरात पडलं, त्याला हाकलून दिलं नाही तिने. पण घाबरते.

म्हणून पूर्ण कादंबरी आत्ता परत लिहायला घेऊ नकोस. तेवढं एक पान लिही, तांब्याचं. तांब्याचाच आहे की पितळी की स्टीलचा, पोचा कुठे आलाय, वर फुलपात्र असतं की उघडाच, ओट्यावर कुठल्या बाजूला. आणि मला एक सांग. त्याच्या हातात पाणी टिकत नाही, गाव त्या ओट्याकडे फिरकत नाही, मग सकाळी तो उठतो तेव्हा तो तांब्या भरलेला असतो का? असेल तर रात्री उठून तो कोण भरतं?

पान झालं की पाठव.

तुझी,
ताई